गोंधळाचा गंधार आणि गिटारचा गंधार

गेल्या नवरात्रात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत तरुण मुलांच्या एका गटाने गोंधळ सादर केला. संबळ आणि तुणतुणे होते, गाणाऱ्या मुलाचा आवाज मोकळा व सुरेल होता आणि साथीला गिटार व कीबोर्ड होते. कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मुलांना जवळ बोलावले, त्यांचे मनापासून कौतुक केले आणि मग म्हणाल्या, "छान म्हटलंत रे बाळांनो, पण गाणं मधेच देवीपुढून उठून कुठंतरी जात होतं, आणि परत येत होतं." मुले विचारात पडली. गिटार सुरात लावलेली होती, ताल चुकला नव्हता, गाणारा कोठेही बेसूर झाला नव्हता. मग गाणे उठून गेले ते कोठे?

लोकगीतांना गिटार आणि कीबोर्डची साथ देण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की हा प्रश्न अनेकांना पडत असणार. त्याचे ठरलेले उत्तर असे असते, की पाश्चात्य संगीतात अनेक सूर एकदम वाजतात, आपल्याकडे एकामागून एक येतात, आणि म्हणून दोहोंचे जमत नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. ते ज्याला पाश्चात्य संगीत म्हणते त्यात युरोपातल्या खेड्यापाड्यांतले संगीत फारसे येतच नाही. आजींच्या वाक्याचा नीट उलगडा करायचा तर आपल्याकडच्या गोंधळापासून आरंभ करून त्या खेड्यांपर्यंत जावे लागते.

## स्थिर जमीन आणि चालती जमीन

गोंधळात तुणतुणे एकच सूर धरून असते. त्याला आपण आधारस्वर म्हणू. गाणारा वर जाईल, खाली येईल, एखाद्या सुरावर रेंगाळेल. पण त्याचा प्रत्येक सूर त्या एका षड्जापासून, म्हणजे सा-पासून, मोजला जातो. तंबोऱ्यावर हेच काम अधिक भरदारपणे होते. ऐकणाऱ्याला हे अंतर मोजता आले नाही तरी जाणवते, आणि सूर 'लागला' असे आपण म्हणतो तेव्हा आपण त्या अंतराविषयीच बोलत असतो.

गिटारची साथ वेगळ्या तत्त्वावर उभी असते. तीन किंवा अधिक सूर एकाच वेळी छेडले की त्याला कॉर्ड म्हणतात. सा-ग-प ही एक कॉर्ड, म-ध-सां ही दुसरी, प-नी-रें ही तिसरी. साथीदार काही मात्रा पहिली वाजवतो, मग दुसरीवर जातो, मग तिसरीवर, आणि शेवटी पहिलीवर परत येतो. आता गाणारा सा धरून उभा आहे असे समजा. पहिल्या कॉर्डवर तो सा म्हणजे घर असते. साथीदाराने म-ध-सां छेडले की कान मध्यमाला पाया मानू लागतो, आणि तोच सा आता त्या नव्या पायाचा पंचम होतो. गाणाऱ्याने सूर बदललेला नाही, पण सुराचा अर्थ बदलला. स्वारगेटच्या बाकावर बसलेला माणूस आणि बसमध्ये बसलेला माणूस दोघेही बसलेलेच असतात, परंतु दुसऱ्याच्या खिडकीबाहेरचे सारे सरकत असते. आजींना जे जाणवले ते हेच होते. त्यांनी ते एका वाक्यात सांगितले. त्याला मला दोन परिच्छेद लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कॉर्डचा हा प्रवास म्हणजे काही दोष नाही. घर सोडणे, दूर जाणे, ताण वाढवणे आणि परत घरी येणे, हा युरोपीय कलासंगीताचा सर्वांत मोठा शोध आहे आणि त्यावर तिकडच्या संगीतकारांनी अलौकिक रचना उभ्या केल्या. अडचण एवढीच की गोंधळाला कोठेही जायचे नसते. तो देवीला एका जागी बोलावतो. "ये" असे आळवत तेथेच उभे राहणे हा त्याचा सारा अर्थ आहे, आणि न हलणारा आधारस्वर हे त्या अर्थाचेच सांगीतिक रूप आहे.

## एका गंधाराचे भांडण

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पेटी, पियानो आणि गिटार यांत सा ते वरचा सा हे अंतर बारा समान भागांत कापलेले असते. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८५ साली जगभरातल्या सप्तकांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने यासाठी एक बारीक माप वापरले. त्याला सेंट म्हणतात. पूर्ण सप्तक १२०० सेंटांचे आणि पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० सेंटांचे. पर्वतीवर जाताना पाय पायरीवरच ठेवावा लागतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. हनुमान टेकडीच्या पायवाटेवर मात्र वाटेल त्या उंचीवर थांबता येते. पेटी आणि गिटार म्हणजे पायऱ्या. गळा, सारंगी, बासरी म्हणजे पायवाट.

आता तंबोऱ्याशी तंतोतंत जुळणारा पंचम ७०२ सेंटांवर असतो आणि पेटीचा पंचम ७०० वर. दोन सेंटांचा फरक बहुतेकांच्या कानांना कळतही नाही. गंधाराचे, म्हणजे ग या सुराचे, तसे नाही. नैसर्गिक शुद्ध गंधार ३८६ वर आणि पेटीचा ४०० वर, म्हणजे चौदा सेंटांचे अंतर पडते, आणि ते तयार कानाला खुपते. लोकगायनात तर गंधार या दोन्ही आकड्यांना बांधलेला नसतो. चाल वर चढताना तो थोडा चढा लागतो, उतरताना थोडा उतरतो, आणि कित्येकदा कोमल (खालचा) व शुद्ध (वरचा) या दोहोंच्या मधोमध, साधारण ३५० च्या आसपास राहतो. कॉर्डला मात्र निर्णय घ्यावाच लागतो. गंधार शुद्ध घेतला तर ती मेजर, कोमल घेतला तर मायनर. मधली जागा तिच्याकडे नाही. गाणाऱ्याचा गंधार मधल्या जागेवर असेल तर दोन्ही कॉर्ड त्याच्या विरोधात उभ्या राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की गाणाराच किंचित बेसूर आहे. गिटारच्या बाजूने विचार केला तर तो बेसूर आहेच. पण मोजपट्टी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

एलिसने आपल्या मोजणीतून काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. माणसाचे स्वरसप्तक एकच नाही, ते निसर्गाने ठरवून दिलेलेही नाही, वेगवेगळ्या समाजांनी ते फार वेगवेगळ्या रीतींनी घडवले आहे, असे त्याने लिहिले. साम्राज्याचा सूर्य माथ्यावर असताना लंडनमध्ये बसून असे लिहायला बुद्धीइतकाच प्रामाणिकपणाही लागला असेल.

## पण हे सारे युरोपातल्या खेड्यांना लागू होते का?

येथेच 'पाश्चात्य' हा शब्द आपल्याला चकवतो. १९०३ साली सेसिल शार्प हा संगीतशिक्षक सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी आला असताना त्याने बागेत काम करणाऱ्या एका माळ्याला गुणगुणताना ऐकले आणि ते गाणे उतरवून घेतले. तेथून पुढची वीस वर्षे तो गाणी गोळा करत राहिला. त्याला आढळले की इंग्लंडच्या कष्टकऱ्यांच्या कित्येक चाली पियानोच्या मेजर-मायनर चौकटीत बसत नाहीत. त्यांतल्या अनेकांची स्वररचना आपल्या काफी थाटाशी आणि खमाज थाटाशी जुळते. शार्पला अर्थातच काफी-खमाज ठाऊक नव्हते, त्याने जुनी ग्रीक नावे वापरली; परंतु स्वरांची मांडणी तीच आहे. मराठी वाचकाने एखादे जुने इंग्रजी लोकगीत साथीशिवाय ऐकून पाहावे. ओळखीची खूण पटते.

पर्सी ग्रेंजर हा संगीतकार १९०६ साली लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन गेला. यंत्रावर गाणे पुन्हा पुन्हा ऐकता येत असल्यामुळे त्याला असे काही सापडले, जे नुसत्या कानाने टिपणाऱ्यांच्या हातून निसटत होते. म्हातारे गायक प्रत्येक कडव्यात चाल थोडी बदलत, आणि त्यांचे गंधार व निषाद (नी) एका जागी ठरत नसत. १९०८ साली त्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे इंग्लंडमधल्या खेडुताचा गंधारही कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये फिरत होता. अटलांटिकच्या पलीकडे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी घडवलेल्या ब्लूजमध्येही हाच मधला गंधार आहे, आणि गिटारवर तो मिळवण्यासाठी ते वादक तार बोटाने ताणतात किंवा तारेवरून बाटलीची मान घसरवतात.

शार्पच्या गाण्यांचे पुढे काय झाले? शाळांमध्ये शिकवता यावीत म्हणून ती पियानोच्या साथीसह छापली गेली, आणि ही साथ पुष्कळदा शार्पनेच लिहिली. त्यामुळे गाणी वाचली, घराघरांत पोचली; पण फिरता गंधार एका पायरीवर बसवला गेला आणि प्रत्येक कडव्यातला बदल पुसला गेला. कोथरूडच्या गोंधळाला गिटारच्या साथीने जे झाले, ते इंग्लंडच्या माळ्याच्या गाण्याला शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झाले होते. दोन्हीकडे खरा संघर्ष गळा आणि पट्टी यांच्यातला आहे. पूर्व-पश्चिम ही रेघ त्यावरून आडवी जाते.

आणखी उदाहरणे घेऊ. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आयरिश भाषेत शॉन-नोस नावाची गायनपद्धती आहे. एकच माणूस, कोणतीही साथ नाही, शब्दाशब्दाला बारीक हरकती, आणि लय बोलण्यासारखी मोकळी. जवळ बसलेला श्रोता कधी कधी गाणाऱ्याचा हात हातात घेऊन तो हळूहळू फिरवत राहतो. स्कॉटलंडच्या बॅगपाइपला तीन नळ्या केवळ आधारस्वर धरण्यासाठी असतात. तेथला तंबोरा म्हणा ना. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात, त्यांना कोणी हात लावत नाही, त्या आपोआप झंकारतात. आपल्या सतारीच्या आणि सारंगीच्या तरफा याहून वेगळ्या नाहीत. लष्करी बँडांतून हिंदुस्थानात आलेला बॅगपाइप गढवाल-कुमाऊँच्या लग्नांमध्ये मशकबीन या नावाने इतका मिसळून गेला की आज तो तेथले लोकवाद्य मानला जातो, आणि माझ्या मते याचे मोठे कारण तो आधारस्वर सोबत घेऊनच आला हे आहे. त्याला रुळण्यासाठी कोणाचाही गंधार मोडावा लागला नाही.

मला सर्वांत हलवून सोडणारे साम्य मात्र आणखी एका ठिकाणी आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या चर्चमध्ये गेलिक भाषेतली स्तोत्रे गातात. एक अग्रगायक ओळ सांगतो आणि सारा समाज ती उचलतो, पण एकसुरात नव्हे. प्रत्येक जण आपल्या श्वासाने, आपल्या वळणांनी, कोणी थोडा आधी, कोणी थोडा मागे. सगळ्यांची चाल एकच आणि तरी कोणाचेही गाणे दुसऱ्यासारखे नाही. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते त्या संध्याकाळी भवानी पेठेत किंवा नाना पेठेत उभे राहून ज्याने दिंडीतला अभंग ऐकला आहे, त्याला याहून अधिक समजावून सांगायची गरज नाही. धृपद उचलणारे पन्नास गळे पन्नास वाटांनी एकाच ठिकाणी पोचतात. चर्च आणि विठ्ठलमंदिर यांच्यामध्ये हजारो मैल आहेत आणि एकमेकांची खबरही नव्हती.

## "स्वरसंवाद तरी फक्त पाश्चात्यांचाच ना?"

अनेक सूर एकमेकांना पूरक होऊन एकाच वेळी गाणे, याला आपण स्वरसंवाद म्हणू. तो युरोपने शोधला आणि जगाला दिला, असा समज सर्वत्र आहे. पण मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणारे आका लोक कोणत्याही लिपीशिवाय, कोणत्याही संचालकाशिवाय चार स्वतंत्र धागे एकमेकांत गुंफून गातात, आणि प्रत्येक गायक गाता गाता आपला धागा बदलतो. कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या जॉर्जियात मेजवानीच्या टेबलाभोवती बसलेले लोक तीन आवाजांत गातात. त्यांचे स्वरसंबंध पियानोच्या कानाला खडबडीत वाटतात आणि त्यांना तसेच हवे असतात. जॉर्जियाचे हे गायन युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात गौरवले. जॉर्जिया पूर्व की पश्चिम, याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकांनाही एकमताने देता येत नाही.

१९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात पाठवण्यात आली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे आपल्याला अभिमानाने ठाऊक असते. त्याच तबकडीवर जॉर्जियातल्या पुरुषांचे समूहगान आहे, बल्गेरियातल्या एका पहाडी गायिकेचा आवाज आहे आणि काँगोच्या इतुरी जंगलातल्या मुलींचे गाणे आहे. ज्यांनी निवड केली त्यांच्या कानांना दाद द्यायला हवी.

## तालाचा हिशेब

तालाच्या बाबतीत आपल्याला जगातले काहीच परके वाटू नये, पण वाटते, कारण पाश्चात्य म्हणून आपण जे ऐकतो ते बहुतेक चार-चारच्या मोजणीतले असते. बल्गेरियाच्या खेड्यांत लोक सात मात्रांवर नाचतात, दोन-दोन-तीन अशा विभागणीवर. आपला रूपक तीन-दोन-दोन. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने या विषम मोजणीविषयी 'बल्गेरियन लय' या नावाने लिहिले आणि तिकडच्या प्रशिक्षित वादकांना ती वाजवताना घाम फुटला. खेड्यातली मुले मात्र तिच्यावर चालायला शिकल्याबरोबर नाचायला शिकतात.

घाना आणि टोगोमधल्या एवे लोकांचे ढोलवादन वेगळ्याच तऱ्हेने गुंतागुंतीचे आहे. लोखंडी घंटेवर एक ठेका अखंड चालतो आणि त्याच बारा ठोक्यांना एक वादक तीनांत, दुसरा चारांत मोजत असतो. दोन्ही मोजण्या एकाच वेळी खऱ्या असतात. पुण्यात भाद्रपदाच्या आधी नदीपात्रात सराव करणाऱ्या ढोल-ताशा पथकाजवळ थोडा वेळ थांबले तर याची चुणूक मिळते: ताशा बारीक दाणे पेरतो, ढोल त्यांतले मोजकेच उचलतो, आणि अंग कशावर हलते हे आपले आपल्यालाच कळत नाही.

## खरखर ही खोट आहे का?

सुराइतकाच आवाजाचा पोतही महत्त्वाचा असतो, आणि नेमका येथेच परक्या संगीतावर सर्वाधिक अन्याय होतो. झिंबाब्वेच्या शोना लोकांचे एम्बिरा हे वाद्य लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांचे असते. त्यावर मुद्दाम शिंपले किंवा बाटल्यांची बुचे बसवतात, म्हणजे प्रत्येक सुराभोवती खरखर उठते. युरोपीय संग्राहकांना ती काढून टाकावीशी वाटे. ज्याने तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर दोरा सरकवून तो झंकार शोधला आहे, त्याला शोना वादक काय शोधतो हे चटकन उमगेल. बाली बेटावर गॅमलन वाद्यमेळात वाद्यांच्या जोड्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या सुरात लावतात. त्या फरकातून जी थरथर उठते तिला ते वाद्याचा प्राण मानतात. एका गावाचा संच दुसऱ्या गावाच्या संचात मिसळत नाही, कारण प्रत्येकाची स्वरव्यवस्था स्वतःची असते. आपण ज्याला 'बेसूर' म्हणू ती तेथे काळजीपूर्वक घडवलेली गोष्ट आहे.

शाहिराचा चढा, फाटेल की काय असा वाटणारा आवाजही असाच. ध्वनिवर्धक नसताना हजारभर माणसांपर्यंत शब्द पोचवायचा होता. मऊ गळ्याने पोवाडा होत नाही.

## "चाली तर त्याच त्याच असतात"

ही तक्रार मी मराठी लोकगीतांबद्दल पुण्यातल्या रसिकांकडूनही ऐकली आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. जात्यावरच्या ओवीत चार-पाच सूर असतात आणि तीच चाल तासभर चालते. परंतु ती कोणाला ऐकवण्यासाठी नसते. पहाटे जात्याच्या दोन बाजूंना दोन बायका बसतात, एक ओवी म्हणते, दुसरी झेलते, आणि खुंट्याच्या फेऱ्याबरोबर श्वास आणि शब्द फिरतो. चाल स्थिर असते म्हणूनच शब्दाला मोकळीक मिळते. माहेर, सासर, भाऊ, पाऊस, न सांगता येणारे दुःख, सारे त्या दोन ओळींत येते. पुण्यात राहून गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केल्या. चाल थोडकी आणि कविता अफाट, असा तो संग्रह आहे. जो ओवीत चालीचे वैविध्य शोधतो तो विहिरीवर जाऊन सावली शोधतो.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर हाताने विणलेले लोकरी कापड घट्ट करण्यासाठी बायका टेबलाभोवती बसून ते ओले कापड तालावर आपटत आणि गात. एक जण ओळ म्हणे, बाकीच्या निरर्थक अक्षरांचे पालुपद झेलत. ती गाणीही अशीच थोड्या सुरांची, लांबच लांब आणि बाईच्या मनातले बोलणारी आहेत. तेथे यंत्र आले, येथे पिठाची गिरणी आली, आणि दोन्हीकडे काम सुटल्यावर गाणेही सुटले.

## "मग सगळे सारखेच म्हणायचे का?"

मुळीच नाही, आणि हा आक्षेप रास्त आहे. फरक आहेत आणि ते खोल आहेत. एक तर 'फोक' हा शब्दच दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या पुनरुज्जीवनानंतर गिटार घेऊन स्वतःची नवी गाणी गाणारा कवीही फोक गायक ठरला. आपल्याकडे लोकगीत म्हटले की निनावी, परंपरेचे, अशी अपेक्षा असते. तीही पूर्ण खरी नाही: राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा यांच्या लावण्या-पोवाड्यांना कर्ते आहेत आणि भारुडांवर नाथांची मुद्रा आहे. १९५४ साली साओ पावलो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने व्याख्या केली, तिच्यात निनावीपणापेक्षा तीन गोष्टींवर भर होता: परंपरेशी धागा, गाता गाता होणारे बदल आणि समाजाने केलेली निवड. ही कसोटी आपल्याकडे अधिक चांगली लागू पडते.

दुसरा फरक सांगताना मन जड होते. आपल्याकडे बरेचसे लोकसंगीत विशिष्ट जातींच्या पोटापाण्याशी बांधलेले राहिले. गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी, तमाशातले कलावंत यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळले आणि त्याबदल्यात पसाभर धान्य व उणा मान मिळवला. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रिओंची कुळेही अशीच वंशपरंपरेने राजवंशांच्या कथा गातात, आणि त्यांना मान व अंतर दोन्ही मिळते. शार्पचा माळी मात्र गाण्यामुळे माळी नव्हता. तो गात नसता तरी माळीच राहिला असता. गाणे हा छंद आहे की जन्माने गळ्यात पडलेले काम, यावरून गाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर येणारी जबाबदारीही.

तिसरा फरक लोकसंगीत आणि कलासंगीत यांच्या नात्याचा. लोकसंगीत म्हणजे शास्त्रीय संगीताची पहिली, कच्ची पायरी, असे पुष्कळांना वाटते. संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला स्वतंत्र कोटी मानून हा गैरसमज दूर करण्यासाठी खूप लिहिले. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला राहिले तेव्हा माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि लोकधुनांत रागांची बीजे त्यांना दिसली. आपल्याकडे या दोन्ही संगीतांखाली तोच आधारस्वर आहे, म्हणून ही ये-जा सोपी होते. युरोपात कलासंगीत कॉर्डच्या चालत्या जमिनीवर गेले आणि खेडे मागे राहिले. बार्टोकला म्हणूनच खेड्यात परत जाऊन, फोनोग्राफ पाठीवर घेऊन, सारे नव्याने शिकावे लागले.

## मग गिटार वाजवूच नये का?

कोणतेही वाद्य परके म्हणून टाकून देण्याच्या मी विरुद्ध आहे. पेटीचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले, आणि आज तिच्याविना भजनी मंडळाची कल्पना करता येत नाही. कर्नाटक संगीतात व्हायोलिन आले आणि घरचे झाले. अमेरिकन गोऱ्या शेतकऱ्यांचे म्हणून ओळखले जाणारे बँजो हे मुळात पश्चिम आफ्रिकेच्या तंतुवाद्यांचे वंशज आहे.

गिटारचाही मार्ग निघालेला आहे. डेव्ही ग्रॅहम हा इंग्लंडचा लोकगीत-गिटारवादक १९६० च्या दशकाच्या आरंभी मोरोक्कोत गेला. तेथले वादक ऊद हे तंतुवाद्य वाजवत. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे तिच्यावर कोणताही सूर कोणत्याही उंचीवर घेता येतो. नेहमीच्या गिटारवर त्यांची साथ जमेना, म्हणून त्याने तारा वेगळ्या लावल्या. जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना त्या लावणीतले सूर आपल्या भाषेत असे येतात: सा, प, सा, म, प, सा. सहा मोकळ्या तारांमध्ये एकही गंधार नाही, कोमलही नाही आणि शुद्धही नाही. गाणारा त्याचा गंधार हवा तेथे लावू शकतो. खाली षड्ज-पंचमाची न हलणारी जमीन आहे. पुढे आयर्लंड-स्कॉटलंडच्या लोकसंगीतातल्या कितीतरी वादकांनी हीच लावणी स्वीकारली, कारण त्यांच्या जुन्या चालींनाही अशीच जमीन हवी होती.

मी हे त्या मुलांना सांगितले. कोजागरीच्या रात्री गच्चीवर गिटारवाल्याने तारा अशा लावल्या, कीबोर्ड खालीच ठेवला आणि तुणतुण्याच्या षड्जाशी षड्ज मिळवला. गोंधळाच्या पहिल्या कडव्यानंतर आजींनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला आणि त्या टाळी धरून म्हणू लागल्या.